ड्युअल बूट पीसीचं घड्याळ सारखं चुकतंय? फॉरमॅट मारण्याआधी फरक मोजा

गेल्या वर्षी जूनपासून गणपतीपर्यंत आमच्या ड्युअल बूट, म्हणजे लिनक्स आणि विंडोज अशा दोन ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) असलेल्या पीसीच्या चार तक्रारी आलटून पालटून चालू होत्या. घड्याळ कधी पुढे, कधी मागे. बिलांच्या ड्राइव्हवर फाइल सेव्ह होईना. कुठली ओएस हवी ते न विचारता मशीन थेट विंडोजमध्ये जाई. आणि पुतण्याचा गेम अधूनमधून सुरूच होत नसे. बहुतेक वेळा त्याआधी लाईट गेलेली असायची, त्यामुळे व्होल्टेजनेच मशीनची वाट लावली यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. एका दुरुस्तीवाल्याने तर फोनवरच सांगून टाकलं, "फॉरमॅट मारावं लागेल, आणि पुन्हा दोन ओएस ठेवू नका."

फॉरमॅट मारलं असतं तर आठवड्याभरात सगळं जसंच्या तसं परत आलं असतं. कारण बिघाड एक नव्हता, तीन होते, आणि एकामुळे दुसरा झाकला जात होता. कोकणात दोन ओएस वापरणाऱ्या आणखी दोघातिघांकडे हेच चालू आहे असं कळलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मशीनची मांडणी. देवगड तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. मी आंबा बागायतदारांचे हिशेब लिहितो: पेट्या किती गेल्या, वाशीला काय दर मिळाला, भाडं, हमाली, कमिशन. त्यासाठी २०१९ साली डेस्कटॉप जोडून घेतला आणि पहिल्या दिवसापासून त्यावर लिनक्स मिंट आहे. पुतण्या अकरावीला आमच्याकडे राहायला आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळी एसएसडी बसवून विंडोज ११ टाकलं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले बरेचसे गेम लिनक्सवरही नीट चालतात. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणल्यापासून चित्र पुष्कळच बदललं. पण व्हॅलोरंटसारखा गेम, ज्याचं अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्रॅम) विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात जाऊन बसतं, तो लिनक्सवर चालत नाही. म्हणून दोन ओएस. तिसरी जुनी हार्ड डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फाइल पद्धतीत, दोन्हीकडून वापरायची. बिलं, फोटो, पावत्या सगळं तिच्यावर.

आता मुद्द्याचं. घड्याळ चुकलेलं दिसलं की आपला हात लगेच ते बरोबर करायला जातो. तसं करू नका. मोबाइल शेजारी धरा, फरक किती आहे आणि कुठल्या दिशेला आहे ते कागदावर लिहा, त्या वेळी कुठली ओएस चालू होती तेही लिहा. निम्मं निदान तिथेच होतं. मी पहिले दीड महिने हे केलं नाही. रोज घड्याळ लावत राहिलो आणि रोज स्वतःच्या हाताने पुरावा पुसत राहिलो.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर हार्डवेअर ठणठणीत आहे. दोन ओएसचा आपसातला मेळ बसलेला नाही, एवढंच. फरक काही वर्षांचा असेल, म्हणजे तारीख थेट मशीन बनलं त्या सुमाराची दिसत असेल, तर मदरबोर्डवरचा सेल गेला. आमच्याकडे दोन्ही होतं, आणि म्हणूनच इतके दिवस काही उमगत नव्हतं.

साडेपाच तासांचं कोडं असं आहे. मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, पीसी बंद असतानाही चालणारं. त्यात फक्त तारीख आणि वेळ असते. ती भारतातली की ग्रीनिचची, हे त्या घड्याळाला ठाऊक नसतं. विंडोज धरून चालतं की त्यात स्थानिक वेळ आहे, जशी आहे तशी दाखवायची. लिनक्स मुळात धरून चालतं की त्यात यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची वेळ आहे, त्यात साडेपाच तास मिळवून दाखवायची. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत. पण एकाच घड्याळावर दोघंही लिहायला लागले की गोंधळ होतो. दुपारी दोन वाजता लिनक्स त्या घड्याळात साडेआठ लिहून ठेवतं. मग विंडोज उघडलं की ते म्हणतं सकाळचे साडेआठ वाजलेत.

हा अर्ध्या तासाचा तुकडा आपल्याला निदानाला फार उपयोगी पडतो. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, म्हणून ती ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. (देवगड ७३ अंशांच्या थोडं पुढे, त्यामुळे आमचा सूर्य घड्याळाच्या बारानंतर सरासरी छत्तीस-सदतीस मिनिटांनी माथ्यावर येतो. माझ्या आजोबांना सावलीवरून वेळ सांगायची सवय होती, ते हा फरक धरूनच बोलत.) सेल खराब झाल्यामुळे घड्याळ नेमकं साडेपाच तासच चुकेल असं सहसा होत नाही. तेव्हा साडेपाच दिसले की स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा.

पण मग रोज का चुकत नव्हतं? याचं उत्तर मिळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. लिनक्स सुरू झालं की इंटरनेटवरून वेळ घेतं आणि स्वतःला दुरुस्त करतं. वेळ जुळलेली असताना साधारण दर अकरा मिनिटांनी कर्नल ती मदरबोर्डच्या घड्याळातही लिहून ठेवतं, अर्थात यूटीसीमध्ये. म्हणजे नेट चालू असलं की लिनक्समध्ये सगळं छान दिसतं आणि चूक नंतर विंडोजमध्ये उगवते, मागे पडलेली. पावसात नेट बंद असलं की उलट: विंडोजने लिहिलेली स्थानिक वेळ लिनक्स यूटीसी समजून वाचतं, वर साडेपाच मिळवतं आणि दुपारी दोनला संध्याकाळचे साडेसात दाखवतं, ते दुरुस्त करायला नेटच नसतं. आणि नेट नसताना कोणी लिनक्स उघडून बंद केलं तर मदरबोर्डच्या घड्याळात काहीच लिहिलं जात नाही, त्या दिवशी विंडोज बरोबर. कागदावर आठ दिवसांच्या नोंदी झाल्या तेव्हा हे उघड दिसायला लागलं. तोवर मी लाईट जाण्याशी त्याचा संबंध जोडत होतो. लाईट गेली की टॉवरही बंद पडतो, नेट जातं, म्हणून तो संबंध खराही वाटत होता.

नुसती वेळ चुकीची दिसते एवढ्यावर हे थांबत नाही. पुतण्याने रात्री लिनक्सवर एक गेम खेळून सेव्ह केला, दुसऱ्या दिवशी विंडोजमध्ये तोच उघडला, तर स्टीमने दोन सेव्हच्या वेळा समोर ठेवून कुठला ठेवू असं विचारलं. त्याने ताजी वेळ दिसली तो निवडला. ताजा दिसणारा प्रत्यक्षात जुना होता. "काका, माझो सेव्ह खय गेलो?" असं विचारत तो आला तेव्हा रडवेला झाला होता, तीन आठवड्यांचा खेळ होता तो. माझ्याकडे बिलांच्या दोन प्रतींमध्ये हाच घोळ झाला. शिवाय पीसीवर लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर वापरत असाल तर त्याचे कोड दर तीस सेकंदांनी वेळेवरून तयार होतात. घड्याळ चुकलं की एकही कोड लागू पडत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. लिनक्सला सांगायचं की मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळच आहे. नेट चालू करून घड्याळ बरोबर झाल्याची खात्री करा, मग टर्मिनल उघडा. आज्ञेचं नाव टाइमडेटसीटीएल, सगळं सलग आणि इंग्रजी लिपीतच टाइप करायचं. मग जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी, मधल्या दोन आडव्या रेघांसकट. मग जागा सोडून १ आकडा. पासवर्ड विचारेल. यानंतर हीच आज्ञा नुसती दिली तर स्थिती दाखवताना एक इशारा येतो की ही पद्धत पूर्णपणे सुरक्षित नाही. त्या इशाऱ्याचं मोठं कारण उन्हाळी वेळेचं आहे, जिथे वर्षातून दोनदा घड्याळ तासाने सरकवतात. आपल्याकडे तो प्रकार नाही, त्यामुळे भारतात बसून हा मार्ग निवडायला मला अडचण वाटत नाही. एकाच मशीनवर दोन लिनक्स असतील तर दोन्हीकडे करा.

दुसरा मार्ग विंडोजला यूटीसी शिकवण्याचा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) टाइम झोनच्या माहितीच्या कप्प्यात रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवायची. तोही चालतो, आणि अनेक जाणकार तोच सुचवतात. पण पुतण्याच्या विंडोजच्या रजिस्ट्रीत मला हात घालायचा नव्हता. महत्त्वाची गोष्ट ही की दोनपैकी एकच करा. मी आधी लिनक्सवर केलं, फरक पडला नाही असं वाटलं (पडला होता, मधे सेल आडवा आला), म्हणून घाईने विंडोजवरही केलं. मग चूक उलटी फिरली: विंडोज साडेपाच तास पुढे, आणि नेट नसलं की लिनक्स साडेपाच तास मागे. तुमच्याकडे अशी उलट्या दिशेची चूक असेल तर कोणीतरी दोन्हीकडे दुरुस्ती केली आहे. एक मागे घ्या.

आता सेल. मे महिन्याच्या अखेरीला आणि परतीच्या पावसात इकडे विजा अशा कडाडतात की ढग वाजायला लागले की आम्ही टीव्ही, पीसी, राउटर सगळ्यांचे प्लग काढून ठेवतो. तेच बरोबर आहे आणि ते सोडू नका. फक्त एक लक्षात घ्या: प्लग लावलेला असताना, पीसी बंद असला तरी, एसएमपीएसमधून (पीसीच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) थोडी वीज मदरबोर्डला मिळत राहते आणि सेलवर भार जवळजवळ पडत नाही. प्लग काढला की घड्याळ पूर्णपणे सेलवर चालतं. आमचा पीसी पावसाळ्यात दिवसाचे कितीतरी तास तसाच असतो. त्यात २०१९ चा मूळ सेल.

कॅबिनेट उघडण्याआधी एक काम विसरू नका. विंडोजची ड्राइव्ह बिटलॉकरने किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने कुलूपबंद असेल तर बायोसची (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग बदलल्यावर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. नव्या मशीनवर हे आपोआप चालू झालेलं असतं आणि अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती की आधी कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर पुढचं काही करू नका.

मग प्लग काढला, पॉवरचं बटन पाच-सहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज काढून टाकली, बाजूची पाटी उघडली. सेल ग्राफिक्स कार्डाच्या खाली दडलेला होता, त्यामुळे आधी कार्ड काढावं लागलं. टॉर्च मारून बघितलं तर सेलच्या कडेला, जिथे पातळ पत्र्याची क्लिप टेकते, तिथे पांढुरकी-हिरवट पूड धरली होती. अंगणातल्या नळाच्या पितळी तोटीवर धरते तशीच. खाऱ्या हवेने आमच्याकडे खिडकीच्या बिजागऱ्या खाल्ल्या, पंख्याचे स्क्रू खाल्ले, ती इथेही पोचली होती. क्लिप नखाने बाजूला केल्यावर सेल टुणकन वर आला. मल्टिमीटर लावला: २.४ व्होल्ट. नवा सेल तीन किंवा त्याहून थोडा जास्त दाखवतो.

बहुतेक डेस्कटॉपमध्ये असतो तो सीआर २०३२. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. गाडीच्या रिमोटमध्येही पुष्कळदा हाच असतो, त्यामुळे बाजारात घड्याळवाल्याकडे लगेच मिळतो. कॉम्प्युटरच्या दुकानासाठी कणकवलीपर्यंत जायची गरज नाही. घेताना पाकिटावरची तारीख बघा. क्लिप आणि खालचा टेकू आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपर घासू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि गंज आणखी वेगाने धरतो. अक्षरं असलेली बाजू वर. जुना सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका. गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, हे मी घरात सगळ्यांना बसवून सांगितलं.

सेल गेल्यामुळे वेळच बिघडत होती असं नाही. सेल पुरता दम तोडे त्या दिवशी आमच्या मदरबोर्डची बायोस सेटिंगही मूळ पदावर जात होती, आणि बाकीच्या तक्रारी तिथून निघत होत्या. बूट ऑर्डरमध्ये विंडोजची डिस्क पहिली येई, म्हणून लिनक्सचा मेनू गायब. ग्रब, म्हणजे तो मेनू दाखवणारा लिनक्सचा बूटलोडर (ओएस सुरू करणारा प्रोग्रॅम), उडालेला नव्हता. तो आपल्या डिस्कवर जागच्या जागी होता, त्याला कोणी हाक मारत नव्हतं एवढंच. बायोसमध्ये जाऊन लिनक्सची डिस्क वर आणली की मेनू हजर. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासातलेच प्रोग्रॅम चालू देणारी सोय) बंद होई, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग दोन्ही लागतात, म्हणून गेम नकार देई. रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (तिला पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) उडे, ३२०० ची रॅम २४०० वर चालू लागे, आणि पुतण्या म्हणे गेम अडकतोय. आम्ही ग्राफिक्सचा ड्रायव्हर दोनदा काढून घातला, विनाकारण. तारीख २०१९ झाली की बँकेचं पान उघडेना, कारण त्याचं सर्टिफिकेट मशीनच्या मते अजून सुरूच झालेलं नसे.

नवा सेल बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ, बूट ऑर्डर, सिक्युअर बूट, टीपीएम आणि एक्सएमपी एकेक करून लावा, आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सॅटाची (डिस्क जोडण्याच्या पद्धतीची) सेटिंग आधी होती तीच आहे ना ते बघा. ती बदलली तर विंडोज निळ्या पडद्यावर थांबतं. वर्षांचा फरक पडलेला असेल तर विंडोज कधीकधी नेटवरून आपोआप वेळ दुरुस्त करत नाही. आधी हाताने आजची तारीख लावा, मग सिंक करा.

तिसरा बिघाड सेलचाही नव्हता, घड्याळाचाही नव्हता. बिलांची ड्राइव्ह लिनक्समध्ये कधी फक्त वाचता येई, कधी उघडायलाच नकार. हे फास्ट स्टार्टअपमुळे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून झोपतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. त्या झोपेत एनटीएफएस ड्राइव्ह त्याच्या ताब्यातच राहतात. लिनक्स हे ओळखतं आणि तुमच्या फाइली खराब होऊ नयेत म्हणून लिहायला नकार देतं. त्याचं ते वागणं योग्य आहे. इथेही 'कधी होतं, कधी नाही' असं वाटायचं, कारण रीस्टार्ट केलं की विंडोज खरोखर पूर्ण बंद होतं. पुतण्याने रीस्टार्ट करून लिनक्स उघडलं तर ड्राइव्ह चाले, रात्री शट डाउन केलं आणि सकाळी मी उघडलं तर अडे.

विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल', आणि खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची टिक काढा. एसएसडी असेल तर सुरू व्हायला लागणारा जादा वेळ काही सेकंदांचाच. मोठं अपडेट झालं की ती टिक परत आली नाही ना ते बघा. टिक काढूनही ड्राइव्ह अडली, आणि आधी विंडोज चालू असताना लाईट गेली असेल, तर विंडोजमध्ये जाऊन त्या ड्राइव्हवर डिस्क तपासणी चालवा. लिनक्समधून जबरदस्तीने उघडायचे मार्ग नेटवर सापडतात. ज्या ड्राइव्हवर हिशेब आहेत तिथे मी ते कधीही वापरणार नाही. आणि लिनक्सवर खेळायचे गेम या ड्राइव्हवर टाकू नका. प्रोटॉनला लागणाऱ्या काही फाइलनावांशी एनटीएफएसचं जमत नाही. त्यांना लिनक्सच्याच डिस्कवर जागा द्या.

एक अगदी वेगळा प्रकार इथे नोंदवून ठेवतो, कारण तोही 'लिनक्स गेलं' असाच दिसतो. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर अनेकांच्या ड्युअल बूट मशीनवर लिनक्स सुरू होताना एसबीएट (बूटलोडर जुना, असुरक्षित आहे का ते बघणारी) तपासणी फसल्याचा संदेश यायला लागला. त्यात सेल, घड्याळ, बूट ऑर्डर काहीच दोषी नव्हतं. लिनक्सच्या जुन्या बूटलोडरवरचा विश्वास सिक्युअर बूटने काढून घेतला होता. पडद्यावर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असे शब्द दिसले तर त्या दिशेने शोधा: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरा आणि सगळी अपडेट घ्या. पेनड्राइव्हवरचं जुनं लाइव्ह लिनक्सही याच कारणाने अडू शकतं, म्हणून ते वर्षातून एकदा ताजं करा.

आमच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला आता एक कागद चिकटवलेला आहे: सेल बदलल्याची तारीख, बूट ऑर्डर, एक्सएमपी, आणि 'वेळेची दुरुस्ती फक्त लिनक्सकडे केली आहे' ही ओळ. प्लग काढणं चालूच आहे. मे महिन्यात आंब्याचे हिशेब संपले की पाऊस पडायच्या आधी पुतण्या पीसी उघडतो, धूळ काढतो आणि सेलला मल्टिमीटर लावतो. २.८ च्या खाली दाखवला तर त्याच दिवशी बदलायचा असं ठरवलंय. यंदा ३.०५ दाखवला.